नेहमी ‘या, या’ म्हणणारी तार

सकाळचा चहा निवायच्या आत यंत्र थांबलं आणि माहलका खानमनं फरामर्जला फोन लावला.

"आगा फरामर्ज, आमची राणी पुन्हा रुसली बघा. सुई वर करून उभी आहे."

"हात लावू नका. आलोच," फरामर्ज म्हणाला आणि खरोखरच आला. यझदच्या तांबटबाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. शिवणयंत्रं, पंखे, रेडिओ, जे बिघडेल ते तो दुरुस्त करी. पन्नाशी ओलांडलेला, एकटा, आणि इतका सभ्य, की बाजारातली माणसं त्याच्याबरोबर एका दारातून आत जायचं टाळत. आधी कोणी जायचं, यात अर्धी सकाळ जाई.

माहलका खानमचा भरतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे अंगणालगतची एक खोली, तेहरानच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून जुनं घेतलेलं एक यंत्र, एक कॉम्प्युटर आणि दोरे कापायला बसलेली तूबा खाला. तूबा खाला ही माहलका खानमची मावशी. तिला लांबचं दिसत नसे, पण ऐकू मात्र शेजारच्या घरातलंही येई. माहलका खानमचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून हे यंत्रच घर चालवत होतं.

यंत्राची तक्रार एकच होती. त्याचं पोट लहान होतं. कॉम्प्युटरनं नक्षी पाठवायची ती घासाघासानं; पोट भरलं की यंत्र केबलमधल्या एका बारीक तारेवरून ‘थांब’ म्हणे, टाके घालून झाले की ‘पाठव’ म्हणे. ही तार आतून पिचली होती. यंत्र ‘पाठव’ म्हणायचं, ते कॉम्प्युटरपर्यंत पोचायचंच नाही. मग दोघंही गप्प. कॉम्प्युटर यंत्राच्या होकाराची वाट बघतोय, यंत्र कॉम्प्युटरच्या घासाची वाट बघतंय, आणि सुई मधेच आभाळाकडे बोट केल्यासारखी उभी.

फरामर्ज यायचा, केबलचं टोक उघडायचा, तार दाबून बसवायचा, यंत्र चालू व्हायचं. मग त्याहून अवघड काम सुरू व्हायचं.

"आता जेवूनच जा."

"नको, नको. उगाच तुम्हाला तसदी."

"तसदी कसली? भात दमावर आहे."

"आभारी आहे, तुमचे हात दुखू नयेत. पण दुकान उघडं टाकून आलोय."

आमच्या गावात कुणी एकदाच बोलावत नाही आणि कुणी लगेच हो म्हणत नाही. याला तारोफ म्हणतात. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान तुकवायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फरामर्ज तिसऱ्यांदाही नाही म्हणायचा आणि चौथ्यांदाही. त्याला वाटे, बाई रीत म्हणून म्हणत असेल; आपण खरंच बसलो तर पंचाईत व्हायची तिची. मग तो दुकानात जाऊन अंडं फोडायचा आणि ते पावाशी खायचा.

फरामर्जचं माहलका खानमवर प्रेम होतं. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं. आणि आता सांगायला फारसा वेळही उरला नव्हता. तिची मुलगी नसीम लग्न होऊन मशहदला चालली होती आणि जाताना बरोबर चला म्हणून आईच्या आणि खालाच्या मागे लागली होती. यंत्र विकून टाकायचं, घर भाड्यानं द्यायचं.

"जाऊ बाई," माहलका खानम एकदा खालाला म्हणाली होती. "इथं ‘जाऊ नकोस’ म्हणणारं तरी कोण आहे?"

फरामर्ज तेव्हा तिथंच, यंत्राखाली होता. त्यानं आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आणखी घट्ट केला.

त्या सकाळीही त्यानं तार दाबली, सुई हलली. जेवणाचं बोलावणं आणि नकार यथासांग झाले. मग दारापर्यंत पोचवायला आलेली माहलका खानम म्हणाली, "किती त्रास देतो हो आम्ही तुम्हाला. सारखं बोलवायचं म्हणजे अगदी लाज वाटते."

हे इथं सगळेच म्हणतात. न्हाव्याला म्हणतात, दूधवाल्याला म्हणतात. त्याचा अर्थ ‘आभारी आहे, पुन्हा या’ एवढाच. पण प्रेमात पडलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. फरामर्जच्या काळजात ते वाक्य रुतलं. हिला आपलं येणं जड होतंय! तो तसाच मागे फिरला.

"एक मिनिट. कायमचाच बंदोबस्त करून टाकतो."

नवी लांब तार टाकायला हवी होती, पण पिशवीत होता फक्त बोटभर तुकडा. त्यानं केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक उघडलं आणि त्या तुकड्यानं त्यातली विचारणारी दांडी ऐकणाऱ्या दांडीला जोडून टाकली. आता कॉम्प्युटरनं ‘पाठवू का?’ विचारलं, की त्याचाच प्रश्न वळसा घेऊन ‘पाठव’ होऊन त्याच्याकडे परत येणार. यंत्राला विचारायचं कारणच नाही.

"आता थांबायचं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला पुन्हा माझी गरज लागणार नाही."

"अस्सं?" माहलका खानम म्हणाली. का कोण जाणे, तिचा चेहरा उतरला.

यंत्र खरंच थांबेना. रुमालांचे कोपरे, उशांवरची फुलं, बारीकसारीक नक्ष्या एका घासात मावत होत्या, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. फरामर्ज दुकानात बसून फोनकडे बघायचा. फोन वाजायचा, पण कुणाचा तरी पंखा बिघडलेला असायचा. एवढी चोख दुरुस्ती आपण आयुष्यात दुसरी केली नाही, असं त्याला वाटलं आणि त्याचा जीव अगदी कावला.

मग नसीमच्या लग्नाचा आदला दिवस उजाडला. निकाहाच्या वेळी नवरानवरीसमोर पसरायचं कापड माहलका खानम स्वतः भरणार होती. पांढऱ्या साटीनवर सरूचं झाड आणि त्यावर समोरासमोर बसलेले दोन बुलबुल. ही नक्षी तिनं कधीची जपून ठेवली होती. सकाळी यंत्र सुरू झालं, पहिला बुलबुल झोकात उतरला, आणि हल्ली काही बघावं लागत नाही म्हणून ती निर्धास्तपणे स्वयंपाकघरात गेली. नवऱ्या मुलाचे वडील, मशहदहून आलेले हाजी नुसरत, चहाला येणार होते.

फरामर्ज त्याच वेळी गल्लीतून चालला होता. मुद्दाम नव्हे. म्हणजे वळसा घालून, पण मुद्दाम नव्हे. त्याला भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज आला आणि तो ऐकत उभा राहिला. आवाज थांबतच नव्हता. रुमालाच्या कोपऱ्याला एवढा वेळ लागत नाही. ही मोठी नक्षी आहे, त्याच्या ध्यानात आलं. मोठी नक्षी, लहान पोट, आणि ‘थांब’ म्हणायची सोयच नाही! तो धावतच दाराशी पोचला. आणि नेमके समोरून, हातात केशराची डबी घेऊन, हाजी नुसरत दाराशी पोचले.

"सलाम. या, आपण आधी," फरामर्जच्या तोंडून निघून गेलं.

"छे, छे! तुम्ही या. तुम्ही या घरचे माहितगार."

"आपण वडीलधारे. आपल्या आधी पाऊल टाकलं तर पाय झडेल माझा."

"अहो, मी आज आलेला परका."

"पाहुणा म्हणजे देवाचा लाडका. या, या. पावलं आमच्या डोळ्यांवर."

आत सुई टकटकत होती. फरामर्जला घाम फुटला. यंत्र बिघडलंय म्हणून घुसावं, तर लग्नाचं कापड बिघडलं हे व्याह्यालाच सांगितल्यासारखं होणार. मुलीच्या घरची अब्रू जाणार. न घुसावं, तर दर ‘या’बरोबर चार टाके वाया. आणि वडील माणसाच्या आधी आत शिरायला त्याचे पायच तयार होईनात. दोघंही कमरेत वाकून एकमेकांना दार दाखवत राहिले.

"अरे, कोणीतरी आत या," आतून तूबा खाला ओरडली, "नाहीतर दोघं घरी तरी जा! दारातून ऊन येतंय."

तेव्हा दोघं एकदमच शिरले आणि खांद्याला खांदा लागून चौकटीत अडकले. फरामर्जनं कसाबसा खांदा सोडवला, खोलीत उडी घेतली आणि यंत्राचं बटण बंद केलं. चहाचा ट्रे घेऊन माहलका खानम आणि तिच्यामागे नसीम तेवढ्यात दारात आल्या. सगळ्यांनी एकदमच कापडाकडे पाहिलं.

पहिला बुलबुल सुरेख होता. दुसऱ्याचं डोकं शेपटीच्या वर अधांतरी तरंगत होतं. चोच जोडीदाराकडे नव्हती, छताकडे होती. पाय फांदीवर नव्हते, हवेत होते, आणि सरूचा शेंडा त्याच्या पोटातून निघून भलतीकडेच गेला होता.

हाजी नुसरत पुढे झाले, चष्मा चढवला, खूप वेळ पाहिलं.

"वाहवा!" ते म्हणाले. "तुमचे हात दुखू नयेत, खानम. हा दुसरा तर नाचतोय!"

माहलका खानमला भोवळ यायची बाकी होती, पण जीभ सवयीनं चालली. "आपल्या लायक नाही. तरी आपलंच समजा."

"एक टाकाही बदलू नका. मुलं उद्या यासमोरच बसतील." हाजी चहा प्यायले, केशर ठेवलं, पुन्हा एकदा बुलबुलाकडे पाहून मान डोलावली आणि गेले.

ते गेल्यावर नसीम आधी हसली आणि मग रडायला लागली. "किती सभ्य माणूस! सगळं झाकून घेतलं. आता घरी जाऊन सासूबाईंना सांगतील, की व्याह्यांकडे पाखराला मुंडकंही धड लावता येत नाही."

"झाली पंचाईत," खाला म्हणाली. "हेच पसरावं तर चारचौघांत शोभा. दुसरं करावं, तर तुमचं कौतुक खोटं होतं असं त्यांच्या तोंडावर सांगितल्यासारखं."

"दुसरंच करायचं," माहलका खानम म्हणाली. "पडद्यांसाठी आणलेलं साटीन आहे. पण हे झालंच कसं?"

"चूक माझी आहे," फरामर्ज म्हणाला. तो अजून बटणावर हात ठेवून उभा होता.

त्यानं केबलचं टोक उघडून तो बोटभर तुकडा दाखवला. "यंत्राचं पोट भरलं होतं. ते बिचारं ‘थांब’ म्हणत होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. ही तार कॉम्प्युटरला नुसती ‘या, या’ म्हणत राहिली. तो पाठवत गेला, यंत्राच्या तोंडून घास सांडत गेले. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यापासून मोजलेला असतो ना. मधले सांडले, की पुढचं सगळं सरकतं."

"म्हणजे यंत्रालाही तारोफ शिकवलास," खाला म्हणाली. "शाब्बास."

फरामर्जनं मान खाली घातली. तो धावत दुकानात गेला, लांब तार आणली, बोटभर तुकडा उपटून फेकला आणि नवी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत डाखली. काम चहाचा दुसरा पेला निवायच्या आत झालं.

"एवढं सोपं होतं?" खालानं विचारलं. "मग इतके दिवस नुसता दाबत काय बसला होतास?"

फरामर्ज डाखणीच्या टोकाकडे बघत राहिला. नसीमचं रडणं थांबलं. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं, आणि खालाला हाताला धरून म्हणाली, "चल खाला, अंगणात फुलं निवडायचीत."

"मला इथून फुलं दिसत नाहीत."

"वासावरून निवड. चल."

खोलीत दोघंच उरली. नव्या साटीनवर यंत्र पहिल्यापासून सुरू झालं. थोडे टाके घातले, थांबलं, कॉम्प्युटरही थांबला. यंत्रानं होकार दिला, पुढचा घास आला. सरूचं खोड हळूहळू उभं राहू लागलं.

"मला एक सांगा," माहलका खानम म्हणाली. "तो तुकडा तुम्ही घातलात कशाला?"

"तुम्हीच म्हणालात... सारखं बोलवायची लाज वाटते."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"हो."

"ते तर मी मीटरवाल्यालाही म्हणते!" ट्रेमधले पेले खणाणले. "ते खरं वाटलं. आणि ‘जेवायला थांबा’ म्हणून घसा कोरडा करत होते, ते मात्र खोटं वाटलं? दर वेळी पिस्ते घालून भात करायचे. तुम्ही ‘दुकान उघडं आहे’ म्हणून जायचात आणि मी आणि खाला दोन दिवस तोच भात खायचो!"

फरामर्जचा चेहरा लाल झाला. पोट भरलं म्हणून यंत्र थांबलं आणि खोलीत अगदी शांत झालं. त्याला वाटलं, आता नाही बोललो तर आयुष्यभर अंडी फोडत बसेन.

"माहलका खानम, मशहदला जाऊ नका."

ती वळली. "हे रीत म्हणून म्हणताय?"

"नाही."

"मग पुन्हा म्हणा. मला नीट ऐकायचंय."

"जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला या गल्लीतून चालवणार नाही."

यंत्र पुन्हा चालू झालं. माहलका खानमनं डोक्यावरून घेतलेल्या चादरीच्या टोकानं डोळे टिपले आणि कापड सरळ केलं. मग ती म्हणाली, "जेवायला थांबता?"

"थांबतो," फरामर्ज म्हणाला. पहिल्याच वेळी. त्याच्या तोंडाला त्या शब्दाची इतकी सवय नव्हती, की त्यालाच दचकल्यासारखं झालं.

"अगं बाई!" अंगणातून खालाचा आवाज आला. "आणि आज घरात काही शिजलंच नाही! लग्नघाईत चहाखेरीज चुलीवर काही चढवलं कुणी?"

तेव्हा ती चौघं यंत्राशेजारीच जेवणाचं कापड, सुफरा, अंथरून पाव, चीज, अक्रोड आणि पुदिना जेवली. फरामर्जनं दुसऱ्यांदा पाव मागून घेतला. माहलका खानम त्याच्याकडे बघत म्हणाली, "भाताचा दिवस असता तर किती जेवला असतात?" आणि सगळ्यात जास्त खाला हसली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बुलबुल एकाच फांदीवर, समोरासमोर, व्यवस्थित बसले.

दुसऱ्या दिवशी नसीमचा निकाह झाला. नवरानवरीच्या डोक्यावर धरलेल्या कापडावर बायका, संसार गोड व्हावा म्हणून, साखरेचे खडे घासत होत्या. निकाह लावणाऱ्या आकिदसाहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "कबूल आहे?" तेव्हा मैत्रिणी ओरडल्या, "नवरी फुलं खुडायला गेलीय!" दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा, "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!" तिसऱ्यांदा नसीमनं खाली मान घालून, वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन, हो म्हटलं. रीतच आहे तशी. पहिल्याच वेळी हो म्हणणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्मायची होती.

हाजी नुसरत मात्र समोरच्या कापडाकडे बघत हिरमुसले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी माहलका खानमला बाजूला घेतलं.

"खानम, राग मानू नका. आमचा नाचणारा कुठं गेला? मी रात्री फोनवर घरी सांगितलं होतं. दोन्ही पाखरं शहाण्यासारखी बसलेली कापडं तर मशहदच्या घराघरात आहेत हो."

माहलका खानमला त्यांच्या चेहऱ्यावर तारोफ शोधूनही सापडेना. तिनं आतून ते बिघडलेलं कापड आणलं. हाजींनी ते घडी घालून छातीशी धरलं.

"या गावात खरं बोलणाऱ्याचे फार हाल," खाला म्हणाली.

नसीम मशहदला एकटीच गेली. आई पंधरवड्यानं येते म्हणाली, मग महिन्यानं, मग ‘यंत्राला गिऱ्हाईक मिळू दे’ म्हणाली. यंत्राला गिऱ्हाईक लागू नये म्हणून फरामर्जनं बाजारात काय काय सांगितलं, ते त्याचं त्याला ठाऊक. शेवटी डाळिंबाच्या दिवसांत तो नवा कोट घालून, मिठाईचा खोका घेऊन रीतसर मागणी घालायला आला. दारात त्या वेळी कोणी नव्हतं, म्हणून लवकर आत येता आलं.

निकाह घरातच ठेवला. नसीम नवऱ्याला घेऊन आली, हाजी आले, शेजारच्या चार बायका आल्या. माहलका खानमनं फिकट हिरवा पोशाख केला होता आणि ती कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हती. शेजारी फरामर्ज असा ताठ बसला होता, की श्वास घेतो की नाही याची शंका यावी. खालाला मुद्दाम पुढे बसवलं होतं. पहिला प्रश्न झाला की ‘नवरी फुलं खुडायला गेलीय’ हे ओरडायचा मान तिचा होता, आणि तिनं घसा खाकरून ठेवला होता.

आकिदसाहेब सावकाश वाचत होते. वयस्कर माणूस, किती लग्नं लावली त्याचा हिशोब नव्हता, आणि तीनदा विचारायचं याच बेतानं ते दम राखून होते. "सन्माननीय माहलका खानम," ते पहिल्यांदा म्हणाले, "आगा फरामर्ज यांच्याशी निकाह आपल्याला—"

"हो," माहलका खानम म्हणाली.

खालाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. साखरेचे खडे थांबले. आकिदसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, मी अजून पहिल्यांदाच विचारतोय. वाक्यही पुरं व्हायचंय."

"ऐकलं मी. हो."

फरामर्जचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. आकिदसाहेब पानावर बोट ठेवून घुटमळले. इतक्या वर्षांच्या कामात या ठिकाणी पुढे काय वाचायचं हे त्यांना कधी शोधावं लागलं नव्हतं. त्यांनी मदतीसाठी बायकांकडे पाहिलं.

"फुलं खुडायला गेली होती ना ती..." ते चाचरत म्हणाले.

"केव्हाच परत आलीय हो," तूबा खाला म्हणाली. "कधीची बसलीय वाट बघत. वाचा पुढं!"